नारळाला हनुवटी नसते

रविवार, ५ फेब्रुवारी १९८९

ही डायरी रेझिनच्या कंपनीने भावजींना भेट दिली होती. त्यांनी ती मला दिली. म्हणाले, वहिनी, तू एवढं वाचतेस, आता थोडं लिही. महिनाभर तशीच पडून होती. आज उघडली, कारण आज जे मनात आलं ते माझ्या लेकीला, कुंदाला, सांगता येत नाही.

कुंदाची सुपारी फुटून महिना झाला. मुलगा भिकाजी, मुलुंडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहे. चांगला मुलगा. आज तो नवी मोटरसायकल घेऊन आला. लाल रंगाची. अख्खी चाळ बघायला खाली उतरली. मी घावण्यांचं निमित्त करून चुलीपाशी थांबले. तवा तापला होता, पण पीठ अजून भिजवायचं होतं.

कुंदा मागे बसून असल्फ्याच्या नाक्यापर्यंत चक्कर मारून आली. केस विस्कटलेले, तोंड हसरं. यांनाही स्कूटर आणली तेव्हा असंच हसू फुटलं होतं.

यांना जाऊन तीन वर्षं झाली. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर टेम्पोची धडक बसली. डोक्याला काही झालं नव्हतं. भावजींनी बनवलेलं हेल्मेट होतं, त्याला ओरखडासुद्धा नव्हता. छातीला मार बसला. भावजी इस्पितळात पहिले पोचले. नंतर मला म्हणाले, दादा झोपल्यासारखा दिसत होता. मला चेहरा बघू दिला नाही. पोस्टमार्टेम झालंय, बायकांनी बघू नये, म्हणाले. घरी आणलं तेव्हा सगळं बांधलेलं होतं. मी हट्ट केला नाही. झोपल्यासारखा, एवढं मला पुरलं. यांचा झोपलेला चेहरा मला पाठ होता.

संध्याकाळी भावजींकडे जावयासाठी हेल्मेट मागितलं. ते म्हणाले, आत्ता आहे ते देणार नाही, थोडी थांब. नवीन करतोय.

बुधवार, ८ फेब्रुवारी

नवीन हेल्मेट आज बघितलं.

भावजींचा साकीनाक्याला गाळा आहे, फायबरच्या कामाचा. दोघे भाऊ गिरणीत होते. संपानंतर भावजी हे काम शिकले आणि हे त्यांचा माल पोचवू लागले. हे गेल्यावर मी गाळ्यात आले. हेल्मेटच्या आतलं अस्तर आणि पट्टे मी शिवते. सोबत सुगंधा असते, ती देवगडकडची. बाकी साच्यावर काम करणारे चारपाच जण. हेल्मेटखेरीज कापडाच्या दुकानात उभे करतात ते पुतळे आम्ही करतो. त्यांची डोकी वेगळी ओतून फळीवर सुकत ठेवलेली असतात. पहिल्या दिवशी मला त्यांची भीती वाटली होती. आता त्यांच्याकडे बघत जेवते.

आजवर आमची हेल्मेटं सगळी तोंडाशी उघडी. नव्याला पुढे हनुवटीवरून जाणारा फायबरचा जाड पट्टा आहे. पण तो कायमचा बसवलेला नाही. कानापाशी बिजागरी आहे, खटका उघडला की अख्खा पुढचा भाग कपाळावर जातो. पाणी प्या, पान खा, बोला, परत खाली ओढून बंद करा. दुबईहून आलेल्या एका माणसाकडे असं हेल्मेट होतं. भावजींनी ते एका दुपारपुरतं मागून घेतलं आणि मापं काढली. त्याचा खटका लोखंडी आणि फार बारीक कामाचा होता म्हणे. तसा इथे कुठे मिळणार? पलीकडच्या गल्लीत सुटकेस जोडतात, तिथला खटका भावजींनी आणला.

सुगंधा म्हणाली, सुटकेस पडली तर कपडे बाहेर येतात, माणूस पडला तर काय बाहेर येईल? सगळे हसले. भावजी हसले नाहीत.

गाळ्यात त्या पुढच्या भागाला सगळे जबडा म्हणू लागलेत. जबडा घास, जबडा रंगव. भावजी मात्र पुढचा तुकडा म्हणतात.

कुर्ल्याचा चंद्रप्रकाश, गाड्यांचं सामान विकतो तो, खूश आहे. हेल्मेट सक्तीचं करणारा कायदा येतोय, आणि असलं उघड-मीट करणारं मुंबईत कुणाकडे नाही. पाडव्याला पहिला माल दुकानात हवा, म्हणाला.

तो गेल्यावर भावजींनी ते हेल्मेट हातात घेतलं. उघडलं, मिटलं, परत उघडलं. म्हणाले, "दादाने हे घातलं असतं."

गुरुवार, ९ फेब्रुवारी

काल ते वाक्य ऐकल्यापासून एक आठवतंय. हे स्कूटरवरून पुतळे पोचवायचे. पुतळा मागे बसवायचा आणि स्वतःच्या कमरेच्या पट्ट्याने स्वतःलाच बांधायचा. एकदा साडीच्या दुकानाचा बाईचा पुतळा घेऊन असल्फ्याच्या चढावरून गेले, तर लोकांनी मला येऊन सांगितलं की रामचंद्र कुठल्या गोऱ्या बाईला घेऊन फिरतोय. हे घरी आल्यावर म्हणाले, तिला मी सांगितलं, घरी बायको आहे, जास्त बिलगू नको.

तोंडात तंबाखू आणि जिभेवर चेष्टा. तोंड बंद करणारं काही यांना चाललंच नसतं.

शनिवार, १८ फेब्रुवारी

आज हेल्मेटची परीक्षा झाली.

आमच्याकडे नव्या कामाला नारळ लागतोच. भावजींनी डोकं चालवलं, की नारळ फोडायचाही आहे आणि हेल्मेटही बघायचंय, तर नारळच आत घालू. नारळ आणि माणसाचं डोकं, कवटी दोघांनाही. नारळ चिंध्यांत बसवून हेल्मेटात घातला, पट्टा आवळला, पुढचा भाग खटक्याने बंद केला. आमचा गाळा ज्या औद्योगिक इस्टेटीत आहे तिच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली टाकायचा. बाजूच्या गाळ्यांतली माणसंही जमली.

टाकण्याआधी भावजींनी गाऱ्हाणं घातलं. सासरे गेल्यापासून घरातलं गाऱ्हाणं हे घालायचे, आता भावजी. देवाला हाक मारायची, जे जे हवं ते एकेक मोठ्याने मागायचं आणि जमलेल्यांनी होकार भरायचा.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज हय साकीनाक्यार तुझ्या लेकरांनी जां काम हातात घेतलेला आसा, तां शेवटाक ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण हो टोप डोक्यार घालीत, तेचा डोक्यां सांभाळ, कपाळ सांभाळ, डोळे सांभाळ, कान सांभाळ, मान सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"रस्त्यार म्हस आडवी इली, टेम्पोवालो पिऊन इलो, तरी तेका घराक सुखरूप पोचव रे म्हाराजा!"

शेजारचा सुटकेसवाला भय्याही व्हय म्हाराजा म्हणत होता.

टाकलं. एकदम मोठा आवाज झाला. सगळे खाली धावले. पट्टा सोडून नारळ काढला, तर अख्खा. हलवून बघितला, आत पाणी वाजतंय. परत वर नेऊन टाकलं, परत अख्खा. टाळ्या पडल्या. चंद्रप्रकाश भावजींना म्हणाला, झकास यार धोंडू, नारळ वाचला म्हणजे गिऱ्हाईक वाचलं. मग तोच नारळ पायरीवर फोडून सगळ्यांना वाटला. खोबरं गोड निघालं.

मीही टाळ्या वाजवल्या. नंतर अस्तर बघायला हेल्मेट माझ्याकडे आलं. जबडा कपाळावर गेला होता. मी विचारलं, कुणी उघडला? कुणीच उघडला नव्हता. दुसऱ्यांदा टाकलं तेव्हाही पडल्या पडल्या उघडाच होता, असं सुगंधा म्हणाली. तिने बघितलं होतं. तिला वाटलं, तो तसाच उघडायचा असतो.

भिकाजी संध्याकाळी येऊन एक नमुना घेऊन गेला.

रविवार, १९ फेब्रुवारी

भाजी चिरताना कळलं. नारळाला हनुवटी नसते.

नारळ चिंध्यांत बसलेला, वरच्या गोल भागात. पुढचा जबडा राहिला काय, उडाला काय, नारळाला त्याचं काहीच नाही. आपण ज्याची परीक्षा घेतली ते तर जुन्या हेल्मेटातही होतं. जे नवीन आहे त्याची परीक्षा झालीच नाही.

आणि गाऱ्हाण्यात डोकं, कपाळ, डोळे, कान, मान, सगळं आलं. हनुवटी तेवढी आली नाही. सासरे म्हणायचे, मागताना एखादं सुटलं तर देव विचारायला येत नाही. भावजी एवढं नेमकं मागणारे, कसे विसरले कोण जाणे.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

आज भावजींना सांगितलं आणि वाईट झालं.

ते साच्यावर ब्रशने रेझिन, फायबर घट्ट करणारा तो चिकट रस, लावत होते. मी म्हटलं, खटका धरत नाही. जबडा उघडतोय. ते म्हणाले, पडल्यावर थोडा उघडणारच, डोकं वाचलं ना. मी म्हटलं, मग तो लावला कशाला? लोक त्याच्या भरवशावर घेणार, आपले भिकाजी घेऊन गेलेत. ते म्हणाले, डोकं वाचलं की माणूस वाचतो, वहिनी, उगाच पाय मागे ओढू नको, पाडवा जवळ आलाय.

मी सहज बोलून गेले, "यांचंही डोकं वाचलं होतं ना भावजी. तरी माणूस गेलाच."

माझ्या मनात यांची छाती होती. म्हणायचं एवढंच होतं की माणूस नुसतं डोकं नसतो.

भावजी थांबले. म्हणाले, "तुला कोणी काय सांगितलं?"

"कोण सांगणार? तुम्हीच म्हणालात, डोक्याला काही नव्हतं."

त्यांनी ब्रश डब्यात ठेवला आणि बाहेर गेले. परत आलेच नाहीत. डब्यातलं रेझिन दगड झालं, ब्रशसकट. तीन वर्षांत त्यांनी चमचाभर रेझिन वाया घालवलेलं मी बघितलं नाही. दादाचं नाव मी मालाच्या भांडणात घ्यायला नको होतं. त्यांना ते लागलं असणार.

रविवार, २६ फेब्रुवारी

भावजी कामापुरतं बोलतात. माझ्याशी बोलताना शिलाईच्या मशीनकडे बघतात.

भिकाजी आला. हेल्मेट घातलेलं, जबडा वर. टोपीसारखा. मी म्हटलं, बंद का नाही केलंत? तर म्हणतो, "आई, बंद केलं तर मी आहे की दुसरा कोण, कुंदाच्या गल्लीत कोणाला कळणार?" कुंदा हसली. मीही हसले. मग सांगितलं, खटका कच्चा आहे, ते परत द्या. तो म्हणाला, काका तर म्हणाले एकदम पक्कं आहे.

तो गेल्यावर कुंदा चिडली. काका तुझ्यासाठी एवढं करतात आणि तू त्यांचं नाव खराब करतेस, म्हणाली. खरं आहे. हे गेल्यावर घर भावजींनी उचललं. लग्न केलं नाही, स्वतःकडे बघितलं नाही. मी त्यांचं वाईट कसं चिंतीन?

पण मुलुंडच्या रस्त्याला ट्रक किती असतात.

गुरुवार, २ मार्च

वाचनालयात शरीराची माहिती देणारं पुस्तक मिळालं, शाळेच्या मुलांचं, चित्रं असलेलं. माझं शिक्षण चौथी. पुढचं सगळं कुंदाच्या पुस्तकांतून आणि वाचनालयातून. त्यामुळे मुलांची पुस्तकं घ्यायला मला लाज वाटत नाही.

डोक्याच्या हाडांत हलणारं हाड एकच, खालचा जबडा. बाकी सगळी एकमेकांत घट्ट बसलेली. तो जबडा कानांपाशी टांगलेला असतो, आमच्या हेल्मेटासारखाच. त्याच्या मागेच जीभ आणि श्वासाची वाट. जबडा मोडला तर जीभ मागे पडून वाट बंद होऊ शकते, असं लिहिलंय. ते वाचून मी किती वेळ आपलीच हनुवटी चाचपत बसले होते. ग्रंथपाल बाईंनी विचारलं, दात दुखतोय का?

मंगळवार, ७ मार्च

भावजी आज चंद्रप्रकाशला भेटायला कुर्ल्याला गेले होते. माझ्या मनात काय होतं ते मी फक्त सुगंधाला सांगितलं. ती म्हणाली, "गो बाय, मेल्यांका कळला तर दोघींका घराक बसवतीत." पण ती माझ्याआधी उठली.

फळीवरची डोकी तीन वर्षं आमच्याकडे बघतायत. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी, सगळं आहे. आणि आम्ही नारळ आणायला गेलो.

एक पुरुषाचं डोकं घेतलं, मिशी रंगवलेलं. पोकळ होतं, त्यात प्लास्टर ओतलं. सुकल्यावर चांगलं जड झालं. नव्या मालातलं एक हेल्मेट घेतलं, खटका नीट लावला, दोघींनी ओढून बघितला. पट्टा मी स्वतः आवळला. आवळताना बोट त्याच्या गळ्याखाली गेलं, तेव्हा अंगावर काटा आला. माझ्या हातचा पट्टा मी कुणाला बांधून कधी बघितलाच नव्हता.

दुपारी सगळे जेवत होते. गॅलरीत सुगंधा म्हणाली, गाऱ्हाणं? मी म्हटलं, आपल्याला येत नाही. ती म्हणाली, मग नुसतं व्हय म्हाराजा म्हणूया. म्हटलं आणि सोडलं.

पुढच्या अंगावर पडलं. आम्ही जिना उतरून गेलो. हेल्मेटाला वरून काही नव्हतं, साधी चीरही नाही. खटक्याचे तुकडे बाजूला. जबडा वर. आणि त्या चेहऱ्याचं नाकाखाली काही उरलं नव्हतं. मिशी तेवढी होती. मिशीखाली नुसतं पांढरं प्लास्टर, भुगा.

सुगंधाने पदराने झाकलं. मेलेल्या माणसाला झाकतात तसंच. मग दोघींनी ते उचलून आणलं आणि भावजींच्या टेबलावर ठेवलं. मी म्हटलं, राहू दे. बोलून होत नाही, बघू देत.

ते आज परत आले नाहीत.

बुधवार, ८ मार्च

हे सगळं लिहायला जमेल का माहीत नाही. जमेल तेवढं लिहिते.

सकाळी गेले तर भावजी आधीच आलेले. गाळ्यात दुसरं कोणी नव्हतं. ते टेबलासमोर स्टुलावर बसलेले, हेल्मेट मांडीवर, तो चेहरा वर केलेला. मला वाटलं ओरडतील. मी तयारी करून गेले होते. म्हणणार होते, लग्नाच्या आधी हे तुम्हाला दाखवणं मला भाग होतं, जावई आहे, मला काढा हवं तर.

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "वहिनी, तुला कोणी सांगितलं? खरं सांग."

मी म्हटलं, काय सांगितलं?

"दादाचं."

त्या वेळी मला कळलं. सगळं नाही, पण कळलं.

ते म्हणाले, "छातीला काही नव्हतं. मी खोटं सांगितलं. असाच होता तो. अगदी असाच. वर सगळा दादा, कपाळ, डोळे, केससुद्धा विस्कटलेले नाहीत. खाली कोण ते कळत नव्हतं."

मी विचारलं, लगेच गेले का?

ते म्हणाले, थोडा वेळ जिवंत होता. डॉक्टर म्हणाले, श्वासाची वाट बंद होत गेली. डोक्याला धक्का नाही, म्हणून शुद्ध होती. भावजींचा हात धरला होता यांनी.

पुढचं ते तुटक बोलले. अपघाताच्या आदल्याच वर्षी त्यांच्याकडे एक बंद हेल्मेट आलं होतं, नमुना म्हणून. यांना दिलं होतं. यांनी घालून बघितलं आणि काढून टाकलं. यात तंबाखू मळायची कुठे, म्हणाले. मग भावजींनी उघडं दिलं. आपल्या हाताने ओतलेलं, पक्कं. "माझं हेल्मेट जिंकलं वहिनी. एक चीर नाही त्याला. मी ते तसंच ठेवलंय घरी, मला फेकवत नाही." म्हणून हे उघड-मीट करणारं. तंबाखूपुरतं उघडायचं, मग बंद. दादाने घातलं असतं. नारळ टाकला तेव्हा जबडा उघडलेला त्यांनीही बघितला होता. दोन्ही वेळा. बघून न बघितल्यासारखं केलं. म्हणाले, ते उघडतं असं मान्य केलं तर दादाला मी काय दिलं असतं, दुसऱ्यांदा तेच.

मला रडू आलं नाही. मी एवढंच म्हटलं, "तीन वर्षं एकटे कसे राहिलात हे घेऊन?"

मग ते रडले. आवाज न करता, हेल्मेट मांडीवर तसंच. मी पाणी दिलं. सुगंधा दारापर्यंत आली आणि परत गेली.

मला त्यांचा राग आला का, हे मी स्वतःला दिवसभर विचारलं. आला. झोपल्यासारखा म्हणून मी जो चेहरा तीन वर्षं जपला तो नव्हताच. पण त्यांनी तो मला दिला आणि दुसरा स्वतःकडे ठेवला. हे वाटप कोणी कोणासाठी करतं का?

शुक्रवार, १० मार्च

भावजी स्वतः मुलुंडला जाऊन भिकाजीकडून हेल्मेट घेऊन आले. त्याला काय सांगितलं विचारलं नाही. कुंदाला मी सांगितलं. बाबांचं आहे, तिला कळायला हवं. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. मग उठून तिने काकांसाठी डबा भरला.

मंगळवार, १४ मार्च

चंद्रप्रकाश आला. माल तयार आहे, रंगवलेला, आणि भावजी देत नाहीत म्हटल्यावर तो भडकला. भावजींनी त्याला तो फुटलेला चेहरा दाखवला. तो बघून थोडा नरमला. मग म्हणाला, अरे हा पुतळा आहे यार, माणूस एवढा नाजूक नसतो.

भावजी म्हणाले, असतो.

त्यांच्या आवाजात असं काही होतं की चंद्रप्रकाशने चहा अर्धा ठेवला. जाताना म्हणाला, पाडव्याला माल नाही तर ऑर्डर नाही.

बाजूच्या लेथवाल्याकडून लोखंडी खटका करून घेणार. दोन्ही बाजूंना.

बुधवार, २९ मार्च

लोखंडी खटका समोरून पडल्यावर धरतो. कुशीवर पडलं की एक बाजू सुटते आणि मग दुसरीही. लेथवाल्याने तीन तऱ्हेचे करून दिले. तिन्हींची गत तीच. मधल्या काळात पुतळ्यांची डोकी संपत आली, कापडवाल्यांना द्यायला उरत नाहीत. सुगंधा म्हणते, आता आपले पुतळे बिनडोक्याचे विकूया, गिऱ्हाइकाला सदरा बघायचाय.

भावजी आज बराच वेळ बिजागरीकडे बघत बसले. मग विचारलं, "वहिनी, कायमचा बंद करू?"

मी म्हटलं, करा.

"दादाने घातलं नसतं मग."

"नसतं घातलं," मी म्हटलं. "पण मी घालायला लावलं असतं. तेव्हा तुम्ही मला सांगायला हवं होतं, त्यांना नाही."

ते पहिल्यांदाच हसले, या महिन्यात.

पाडवा

गुढी उभारून गाळ्यात गेलो. आज कुंदा आणि भिकाजीही होते.

नवं हेल्मेट बंद आहे. बिजागरी नाही, खटका नाही, पुढचा भाग वरच्या भागाबरोबर एकाच साच्यात ओतलेला. त्यासाठी नवा साचा करावा लागला. जड आहे, गरम होतं, आणि चंद्रप्रकाशने अजून घेतो म्हटलेलं नाही. भिकाजीने घालून बघितलं आणि आतून काहीतरी बोलला, ते कुणाला कळलं नाही. कुंदा म्हणाली, झकास, लग्नानंतर रोज घाला.

आत डोकं बसवलं, मिशीवालं, शेवटचं. पट्टा मी आवळला. नारळ वेगळा ठेवला होता, फोडण्यासाठी.

भावजी गॅलरीच्या कठड्यापाशी उभे राहिले. डोळे मिटले.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! मागच्या खेपेक मागताना माझी चूक झाली, ती पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण हो टोप घालीत, तेचा डोक्यां सांभाळ, कपाळ सांभाळ, डोळे सांभाळ, कान सांभाळ, मान सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ते थांबले. सगळे वाट बघत होते. कुणाला वाटलं संपलं, पुढे सरकले. मी हात वर करून थांबवलं.

"तेची हनुवटी सांभाळ," भावजी म्हणाले. "जबडो सांभाळ. दात सांभाळ, जीभ सांभाळ. तेचो श्वास सांभाळ रे म्हाराजा."

होकार कुणी भरेना. बाकीच्यांना माहीत नव्हतं, पण आवाजावरून काहीतरी समजलं असावं. मग मीच म्हटलं, व्हय म्हाराजा. बायका म्हणत नाहीत. सुगंधाने म्हटलं, कुंदाने म्हटलं, मग सगळ्यांनी.

टाकलं. पुढच्या अंगावर आणि मग कुशीवर पडलं. खाली गेलो तेव्हा भावजींनी आधी स्वतः उचललं नाही, भिकाजीला उचलायला सांगितलं. पुढे मोठी चीर गेली होती, कानापासून हनुवटीपर्यंत. पण जागच्या जागी होतं. पट्टा सोडून त्याने डोकं अख्खं बाहेर काढलं आणि भावजींना दिलं. भावजींनी त्याच्या तोंडावरचा फायबरचा भुगा तळहाताने पुसला, मिशीवरून, ओठांवरून, खाली हनुवटीपर्यंत. मग ते माझ्याकडे घेऊन आले.

"बघ वहिनी," म्हणाले.

मी दोन्ही हातांत घेतलं आणि बघितलं. घाई केली नाही.